साठतंय

घणसोली गावातल्या वाण्याला मी सांगायचो, म... म...
तो म्हणायचा, मीठ? आणि पुडी ठेवायचा पुढ्यात.
मला हवी असायची मसूर.
आमच्या घरात मीठ कधी संपलं नाही.

तीन टाकीजवळ, औषधाच्या दुकानावर, दुसरा मजला.
अकरा संगणक, त्यातले नऊ चालू.
खारकर बाईंनी फळ्यावर लिहिलं: पुटचार.
म्हणाल्या, हा गडी एका वेळी एकच अक्षर बोलतो.
मी मान वर केली.
माझ्यासारखा पहिल्यांदाच कोणी भेटत होता.

शब्द दिलात तर घेणार नाही, त्या म्हणाल्या,
एकेरी अवतरणात एकच द्या.
नाहीतर आकडा द्या, आकडाही चालतो त्याला:
सत्याहत्तर दिलात तर एम,
सात दिलात तर नुसतं टिंग.
मागच्या भोईरने लगेच सात दिला.
मग सगळ्यांनीच दिला.
पंधरा मिनिटं वर्गात नुसती आरती.

मी आडनाव लिहिलं.
एम, ए, डी, एच, व्ही, आय,
आणि प्रत्येकानंतर एक सेकंद थांब,
कारण मी थांबतो.
चालवलं.
पडदा काळा. एक. दोन.
भोईर म्हणाला, हापण अडकला की, याच्यासारखाच.
तीन. चार.
मानेमागे ते ओळखीचं गरम.
पाच. सहा.
मग ओळ संपल्याची खूण आली
आणि मढवी, अख्खा, एका दमात.

बाईंनी चष्मा वर सरकवला.
अडकलं नव्हतं. साठत होतं.
तो आपला एकेक अक्षर वेळच्या वेळी देत होता,
मधे एक कोठार आहे,
ते ओळ पुरी झाल्याशिवाय दार उघडत नाही.
हे त्या भोईरकडे न बघता म्हणाल्या,
माझ्याकडेही न बघता.

पुढच्या तासाला फ्लश शिकलो.
प्रत्येक अक्षरामागे दाराला एक धक्का.
एम आला. थांबला. ए आला. थांबला.
सहा सेकंद,
आणि मधे कोणीही
माझं नाव माझ्याआधी पूर्ण केलं नाही.

मराठीत करायला गेलो तेव्हा फजिती.
म मागितला, आलं काळ्या चौकटीत प्रश्नचिन्ह.
एका म साठी तीनदा तोंड उघडावं लागतं:
दोनशे चोवीस, एकशे चौसष्ट, एकशे चौऱ्याहत्तर.
पहिल्याला काही नाही, दुसऱ्याला काही नाही,
तिसऱ्याला म.
आईला मोठ्या कौतुकाने दाखवलं.
मंग? ती म्हणाली, कोलंबी सोलता सोलता,
तुजापन म तिसऱ्यालाच येतो ना रं बाला.

एक गोष्ट बाईंनी घाईत सांगितली,
खाली कुलूप लावायला माणूस उभा होता तेव्हा:
पुटचार जे लिहितो तेच अक्षर
आपल्याला परतही देतो, पोचलं म्हणून.
नाही पोचलं तर उणे एक.
कोणी बघत नाही ते, टाकूनच देतात.
मी बघतो. अजून.

आता महापेला आहे, बसमधल्या पाट्यांची अक्षरं लिहितो.
बुधवारी संध्याकाळी स्वतःच्याच पाटीखाली उभा होतो.
ती नवी, जरा हळू.
घ
ण
समोर एक मुलगी, पहिलीतली असेल, बोट वर करून वाचत होती,
पाटी थांबली की थांबत होती.
तिचे वडील म्हणाले, घणसोली, चल, दाराकडे हो.
ती म्हणाली, थांबा ना बाबा,
अजून आलं कुठे.

उतरलो. वाण्याकडे गेलो.
म... म्हणालो.
मीठ? तो म्हणाला, आता त्याचा मुलगा बसतो गल्ल्यावर.
हो म्हणालो.
या वेळी खरंच संपलं होतं.